म्हाताऱ्याचा स्टाफ

पप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्या आठवणीने मी उशी ओली केली वगैरे असं काही झालेलं नाही, ते आधीच सांगून टाकते. परवा ऑफिसात डबा खाताना मात्र तुम्ही एकदम समोर येऊन बसलात. माझ्या हाताखाली एक पोरगी आहे, चोवीस-पंचवीसची, बडबडी. म्हातारा जादूगार, हरवलेली राजकन्या आणि बर्फाचा राजा अशी ती जाडजूड इंग्रजी कादंबरी तुम्हाला आठवत असेल. तिच्यावर आता नव्याने पिक्चर येतोय. सगळी पोरं मोबाईलवर तिकिटं बघत होती, तर ही म्हणाली, "मी आधी पुस्तक वाचणार. पुस्तक वाचल्याशिवाय पिक्चर बघायचा नाही, असा माझा रूल आहे." बाकीचे हसले. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. हे वाक्य मी तेरा वर्षांची असताना तुमच्याकडून ऐकलं होतं. तेव्हा तो रूल नव्हता, ती शिक्षा होती.

आपण नेरूळला वन-आरकेत राहायचो. तुम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर क्लार्क. ट्रक काट्यावर चढला की आकडा लिहायचा, उतरला की पुढचा, असं दिवसभर. संध्याकाळी घरी यायचात तेव्हा शर्टाच्या कॉलरला गंज लागलेला असायचा आणि डोकं तापलेलं. खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची, इंग्लिश मीडियमची, तिचे पप्पा बँकेत साहेब. तिच्या वाढदिवसाला ते तिला आणि तिच्या एका मैत्रिणीला वाशीला त्या पिक्चरला नेणार होते, आणि ती एक मैत्रीण मी होते. थिएटर आतून कसं असतं ते मी तोवर बघितलेलं नव्हतं. दोन दिवस शब्द जुळवून मी तुम्हाला विचारलं. तुम्ही भाकरी मोडत होतात. वर न बघता म्हणालात, "कशावरनं काढलाय पिच्चर?" मी म्हटलं, पुस्तकावरून. "मंग पुस्तक वाच. आदी पुस्तक, मंग पिच्चर. वाचल्याबिगर थेटरात पाय ठेवायचा नाही." मी म्हटलं, पप्पा, ते इंग्लिशमध्ये आहे. "मंग? इंग्रजी वाचलं की फाशी देतेत का?" मी तोंड वाकडं केलं असणार, कारण पुढची आठवण कानाखालच्या जाळाची आहे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही ते पुस्तक स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून घेऊन आलात. कव्हर फाटून गेलेलं, कडा पिवळ्या. मला देण्याआधी तुम्ही ते तळहातावर तोललंत आणि म्हणालात, "साडेसातशे ग्रॅम." धंद्याची सवय. दिवाळीच्या सुट्टीतल्या वाढदिवसाला सहा आठवडे होते. रोज दहा-बारा पानं वाचायची आणि संध्याकाळी तुम्हाला त्यांचा मराठीतून हिशेब द्यायचा. तुम्ही हातपाय धुऊन कॉटवर चहा घेऊन बसणार, मी खाली फरशीवर, आणि दोन पावलांवर ओट्यापाशी आई भाकऱ्या थापणार. अडखळले की "ढ गोळा". दोनदा अडखळले की बाहेर. बाहेर म्हणजे आपल्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, डोक्यावर ते साडेसातशे ग्रॅम ठेवून, अर्धा तास. जिन्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला मी दिसायचे. बिल्डिंगमधली पोरं मुद्दाम दोन दोन खेपा करायची. सारसोळ्याची मासेवाली मावशी एकदा टोपली टेकवून तुम्हाला म्हणाली, "कशाला उभी केलीस रं पोरीला? घोटभर पानी तरी दे." तुम्ही दारातून म्हणालात, "मावशी, तुमी तुमची मासळी इका." आणि दार लावून घेतलंत. ती मला एकटीला बघत बसली, ते तर आणखी वाईट.

तुम्ही असे का वागायचात ते मला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं. तुमच्यानंतर चार वर्षांनी लागलेला एक पोरगा फोनवर इंग्रजी बोलतो म्हणून शेठने त्याला आतल्या एसी ऑफिसात बसवला होता, आणि तुम्ही विचारायला गेलात तर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुम से नहीं होगा." तुम्ही हे आईला सांगत होतात आणि मी चादरीखाली ऐकत होते. पण पप्पा, शेठचा राग माझ्या मानेवर ठेवल्यावर मानेला काही कमी दुखत नाही. लोक मोठे झाले की आईबापांना समजून घेतात म्हणे. मी समजून घेतलंय. त्याचा काही उपयोग होत नाही.

आता त्या शब्दाकडे येते. कादंबरीत पहिल्याच प्रकरणापासून तो म्हातारा जादूगार जिथे जाईल तिथे त्याचा 'स्टाफ' बरोबर असतो. मला स्टाफ एकच माहीत होता. शाळेत स्टाफरूम होती. बसमध्ये नुसतं 'स्टाफ' म्हटलं की कंडक्टर तिकीट मागत नाही तो स्टाफ. तुम्ही स्वतः रोज म्हणायचात, आज काट्यावर स्टाफ कमी होता. तेव्हा मी सरळ सांगत गेले की म्हाताऱ्याकडे स्टाफ आहे आणि तो राजकन्येला घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडायला निघालाय. तुम्ही ताठ बसलात. "किती जनांचा स्टाफ?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. पुढे एके ठिकाणी अंधारात स्टाफ चमकायला लागतो. तुम्ही विचार करून म्हणालात, "युनिफॉर्मला पट्ट्या असतील." एके ठिकाणी म्हातारा स्टाफ खांद्यावर टाकून नदी पार करतो. "खांद्यावर? कामून?" मी म्हटलं, दमला असेल स्टाफ. तुमचा चहा हातातच राहिला. मग एका रात्री तो शेकोटीपाशी स्टाफ आपल्या शेजारी निजवतो आणि त्यावर स्वतःचं पांघरूण घालतो, असं मी वाचलं तसं सांगितलं. मग आईला हाक मारून म्हणालात, "ऐकलंस का? मालक असून स्टाफच्या बाजूला झोपतो. आमच्या शेठनं तर आमचा पान्याचा जगसुद्दा येगळा ठेवलाय." आई म्हणाली, "गोष्टीतला मालक आहे तो." तुम्ही चिडलात. "कुनीतरी बघितला असल म्हनूनच लिवला ना!"

त्या दिवसापासून तुम्ही बदललात, हे खोटं सांगत नाही. लवकर यायला लागलात. चपला काढता काढता विचारायचात, "कुटवर आला म्हातारा?" मी अडखळले तरी बाहेर काढायचं विसरून जायचात, कारण पुढचं ऐकायची घाई. काट्यावरच्या माथाड्यांनाही जेवणाच्या सुट्टीत गोष्ट सांगताय, असं तुम्हीच एकदा लाजत सांगितलंत. आणि त्याच दिवसांत मला दुसरंही एक कळलं. मी सांगून झाल्यावर तुम्ही पुस्तक हातात घेऊन ओळींवरून बोट फिरवायचात, तपासल्यासारखं, आणि "बरोबर" म्हणायचात. एकदा मी चुकून मागचंच प्रकरण उघडून दिलं. तुम्ही त्यावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "बरोबर." मी खालून तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. इतके दिवस मी ज्या परीक्षकाला घाबरून पॅसेजमध्ये उभी राहत होते त्याला पेपरच वाचता येत नव्हता. माझ्या अंगावरून अशी काही गंमत सरसरत गेली म्हणून सांगू.

दिवाळीच्या तोंडावर मैत्रिणीच्या घरी गेले तर तिच्या टेबलावर तेच पुस्तक होतं, कोरं, कव्हरसकट. कव्हरवर म्हातारा उभा, दाढीवाला, आणि हातात एक उंच काठी, टोकाला उजेड. मी विचारलं, याचा स्टाफ कुठेय? ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. "अगं येडे, स्टाफ म्हणजे काठी! ही काय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना चढताना ठरवलं होतं की आल्या आल्या तुम्हाला सांगायचं, पप्पा, आपलं चुकलं. हसायचो आपण दोघं. कदाचित हसलोही असतो. पण दार उघडलं तेव्हा तुमच्या हातात माझा चाचणीचा इंग्रजीचा पेपर होता, पंचवीसपैकी नऊ. "गोष्टी सांगतीस तोंड वर करून आन् मार्क नऊ?" त्या दिवशी अर्धा नाही, पूर्ण तास. खालची मैत्रीण वर आली, मला तशी बघितली आणि पाय न वाजवता परत गेली. तासभर मी एकच ठरवत होते की आता तुम्हाला सांगायचं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ते प्रकरण होतं ज्यात बर्फाच्या राजासमोर म्हाताऱ्याची काठी मोडते. मोडली म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं. मी शब्द निवडून ठेवला होता. तुमच्या डोळ्यात बघून म्हटलं, "पप्पा, स्टाफ फुटला." तुम्ही कप खाली ठेवलात. "फुटला? मंजी? तिकडच्या पार्टीत गेला?" मी मान हलवली. "येवढं केलं त्यानं, अंगावरचं पांघरून घातलं, आन् फुटला?" मी म्हटलं, ऐन वेळेला फुटला, म्हातारा एकटाच उरला. त्या दिवशी तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठलात. गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मी मात्र पोटभर जेवले, आईकडून ठेचा मागून घेतला. राहिलेली पानं वाचून झाली म्हणून मी सांगितलं, आणि फुटलेल्या स्टाफचं पुढचं ऐकायला तुम्ही काही बसला नाहीत.

वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मी बी येतो. माझं तिकीट मी काढीन." पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केलात. वाशीच्या त्या काचेच्या थिएटरात तुम्ही चपला पुसून आत आलात ते मला अजून दिसतंय, आणि तेव्हा मला तुमची लाज वाटली तीही आठवते. शो सुरू व्हायला वेळ होता. मैत्रिणीचे पप्पा नेहमीच्या साहेबी आवाजात म्हणाले, "अरे वा, तुम्हालाही फँटसी आवडते?" आणि तुम्ही, जे कुठल्याही साहेबापुढे 'हो सर' च्या पुढे कधी गेला नव्हतात, ते बोलायला लागलात. म्हणालात, पुस्तक वाचलंय आमी, मी आन् पोरीनं मिळून. म्हातारा लई मोठा मानूस. स्टाफला लेकरासारखं सांभाळलं, खांद्यावर घेतलं, शेजारी झोपवलं. आन् शेवटाला स्टाफ फुटला. आमच्याकडं बी असंच चालतंय, पन उलटं. तुमचे हात हलत होते, डोळे चमकत होते. इतकं सुंदर तुम्हाला बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. साहेबांना आधी कळेचना. मग कळलं. आधी ते हसले, मग त्यांची बायको, मग मैत्रीण तर खालीच बसली. पॉपकॉर्नच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. "अहो, स्टाफ म्हणजे काठी! त्याच्या हातातली काठी! काठीवर पांघरूण घातलं हो, काठीवर!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. पुस्तक मी वाचलं होतं ना, म्हणून. मी सांगेन, अशा भरवशाने. आणि मी म्हणाले, पप्पा, जसंच्या तसं लिहिते, "मी तुम्हाला काठीच सांगितलं होतं. तुम्हीच नीट ऐकलं नाही."

एक क्षण मला वाटलं आता इथेच कानाखाली बसणार, आणि खरं तर बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही साहेबांकडे वळलात. "हा," म्हणालात, "माझंच ऐकन्यात चुकलं. पोरीनं बरोबर सांगितलं होतं." पुढे तीन तास अंधारात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. पडद्यावर काठी मोडली तेव्हा मी चोरून बघितलं. तुमचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तुम्ही पडद्याकडे नाही, पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होतात.

त्यानंतर तुम्ही मला कधी मारलं नाही. पॅसेज सुटला, संध्याकाळचा हिशेब सुटला, पुस्तकाचं नाव निघालं नाही. मला रान मोकळं झालं. अभ्यासाचं काही विचारलं की म्हणायचात, "तुला म्हाईत. तू शिकलेली." कॉलेजच्या ॲडमिशनला आलात ते गेटबाहेरच थांबलात, म्हणालात, मी चुकीचं काईतरी बोलीन. लोकांना तुम्ही शांत, समजूतदार बाप वाटायचात. खालचे बँकवाले साहेब तर म्हणायचे, बघा, किती सुधारले. मला तुमच्याशी बोलावंसं वाटायचं तेव्हा तुम्ही टीव्ही बघत असायचात. मी पण काही फार प्रयत्न केला नाही.

मग मी चोवीसची असताना तुम्ही काट्यावरच छातीत कळ येऊन गेलात. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरीच ठेवला होता. तुमचा फोटो, बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, पांढरी फुलं, वंदना झाली आणि लोक चार-चार शब्द बोलायला लागले. काट्यावरचे एक वयस्क माथाडी काका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "ताई, येक इचारू का? तुमचे पप्पा आमाला त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे. धा-अकरा वर्सं सांगितली, दर बारीला येगळी. पिच्चर आलता तवा आमी म्हनलं, चला बघू. तर म्हनले, नगा बघू, पिच्चरवाल्यांनी स्टाफच्या जागी काठी दावलीया, समदं खोटं हाय. माज्या पोरीनं पुस्तक वाचलंय. तर ताई, शेवटाला त्यो फुटलेला स्टाफ माघारी आला का न्हाई? पप्पा म्हनायचे, येवढं पोरीला इचारायचं राहिलंय."

घरात पंचवीस-तीस माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते, फोटोतून तुम्ही पण. 'आला', एवढा दोन अक्षरांचा शब्द मला म्हणता आला असता. पप्पा, मी म्हणाले, "काका, ती काठीच होती. पप्पांना इंग्रजी येत नव्हतं."

काका स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "मंग आमी येवढी वर्सं कुनाची गोष्ट ऐकली?" कुणीतरी विषय बदलला, खीर वाढायला घेतली. ते खीर न घेताच उठले. सगळे गेल्यावर आई ओट्यापाशी भांडी विसळत होती. माझ्याकडे पाठ होती. म्हणाली, "तू स्टाफच म्हणत होतीस. मी हितंच होते ना, भाकऱ्या थापत." नळ चालू होता. मी टॉवेल घेऊन भांडी पुसायला लागले. तिने परत तो विषय काढला नाही, मी पण नाही.

काल संध्याकाळी त्या ऑफिसातल्या पोरीकडून मी ते पुस्तक मागून आणलं. माफी मागायची तर निदान शेवट काय आहे तो सांगून मागावी, असं डोक्यात होतं. मी ते पूर्ण वाचलंय असं तुम्हाला वाटत होतं, पण वाचलंच नव्हतं, काठी मोडली तिथे सोडलं होतं. पण पान उघडलंच नाही. हे लिहीत बसले, आणि आता चार पानं झाल्यावर बघतेय तर माफीचा शब्द एकदाही आलेला नाही. का, ते मला माहीत आहे. थिएटरात सगळ्यांसमोर तुम्ही "माझंच चुकलं" म्हणालात ना, त्यापेक्षा गोड वाक्य मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. नवऱ्याने नाही, साहेबाने नाही. अजून कधी मान दुखली की मी ते मनात लावून ऐकते.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. मराठीत आहे. तुम्हाला सगळं वाचता आलं असतं.